रिलेतला पतंग: ‘बग’ शब्दाच्या जन्मकथेची केस

आयटीत काम करणाऱ्या बहुतेकांनी ही गोष्ट ऐकलेली असते. ट्रेनिंगच्या सुरुवातीलाच कुठल्या तरी स्लाइडवर एका जुन्या वहीच्या पानाचा फोटो येतो, पानावर टेपने चिकटवलेला एक मेलेला पतंग असतो, आणि शिकवणारा सांगतो की बघा, कॉम्प्युटरमध्ये खरोखरचा किडा सापडला आणि तेव्हापासून चुकीला बग म्हणायला लागले. गोष्ट छान आहे, फोटो शंभर टक्के खरा आहे, पतंगही खरा आहे. पण त्यातलं ‘तेव्हापासून’ चुकीचं आहे, आणि ते चुकीचं आहे हे दाखवायला दुसरीकडे कुठे जायचीही गरज नाही, त्याच पानावर ते लिहिलेलं आहे. हे प्रकरण एकदा नीट कागदोपत्री बघायला हवं असं मला फार दिवस वाटतंय, कारण इंग्रजीत तीन अक्षरांचा हा शब्द आपण दिवसातून पन्नास वेळा वापरतो आणि त्याची खरी कथा त्या स्लाइडपेक्षा कितीतरी भारी आहे.

काय घडलं

अमेरिकेत हार्वर्डच्या कॉम्प्युटेशन लॅबमध्ये हॉवर्ड एकन यांच्या देखरेखीखाली मार्क टू नावाचं मशिन बनलं, व्हर्जिनियातल्या डालग्रेन इथल्या नेव्हीच्या केंद्रासाठी. चिप वगैरे काही नाही, सगळा कारभार रिलेवर. रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच, कॉइलमधून करंट गेला की तिचा लोहचुंबक होतो, तो एक पट्टी ओढतो, दोन टोकं टेकतात, सर्किट पूर्ण. करंट थांबला की पट्टी परत जागेवर. अशा रिलेंच्या रांगाच्या रांगा पॅनलवर बसवलेल्या, दिवसभर नुसतं खटखट खटखट, एका बेरजेला सेकंदाचा आठवा भाग आणि गुणाकाराला पाऊण सेकंद. आता या टोकांच्या मधे काहीही आलं, धूळ म्हणा, तारेचा तुकडा म्हणा, की तेवढा एक रिले नीट टेकत नाही, आणि मग एवढ्या रिलेंमधला नेमका कुठला रुसलाय ते शोधत बसायचं.

९ सप्टेंबर १९४७ चं वहीतलं पान असं आहे. सकाळी आठला काम सुरू. दहाला थांबवलं. अकराला कोसाइनची टेप लावली. दुपारी ३ वाजून २५ मिनिटांनी मल्टी ॲडर टेस्ट सुरू. आणि ३ वाजून ४५ मिनिटांनी नोंद आहे, रिले नंबर ७०, पॅनल एफ, रिलेत पतंग. तिथेच तो पतंग टेपने चिकटवलेला, आणि खाली एक ओळ: ‘फर्स्ट ॲक्च्युअल केस ऑफ बग बीइंग फाउंड’. म्हणजे बग सापडल्याची पहिली खरीखुरी केस. त्यानंतर साडेचारला पुढचं गणित सुरू, पाचला मशिन बंद. झालं. म्हणजे ज्या प्रसंगाला आपण इतिहासातला टर्निंग पॉइंट वगैरे म्हणतो तो त्या लोकांसाठी एका कामाच्या दुपारचा पाऊण तास होता, त्यांनी किडा काढला, चिकटवला, एक ओळ लिहिली आणि पुन्हा कामाला लागले. मला हे पान त्यासाठीच फार आवडतं.

ही वही आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहासाच्या म्युझियममध्ये आहे, पतंगासकट.

या गोष्टीबरोबर नाव येतं ते ग्रेस हॉपर यांचं. येलच्या गणितातल्या पीएचडी, १९४४ पासून हार्वर्डच्या मशिनवर काम, पुढे नेव्हीत रिअर ॲडमिरल. बाई जबरदस्त होत्या, भाषणंही तशीच द्यायच्या, आणि हा किस्सा त्यांनी इतक्या वेळा इतका रंगवून सांगितला की लोकांनी ठरवूनच टाकलं की पतंग त्यांनी शोधला आणि शब्दही त्यांनीच काढला. पतंग आपण शोधला नाही हे त्या मोकळेपणाने सांगायच्या. वहीतली ती ओळही बहुधा त्यांच्या हातची नाही. त्यांच्या सांगण्यात उन्हाळा होता, एसी नव्हता, खिडक्या उघड्या होत्या, मशिन थांबलं, शोधता शोधता तो रिले सापडला आणि ऑपरेटरने चिमट्याने हळूच पतंग बाहेर काढला.

वर्षाचा एक घोळ आहे, तो लगेच मिटवून टाकू. बऱ्याच ठिकाणी १९४५ दिलेलं असतं, कारण हॉपर स्वतः आठवणीतून १९४५ चा उन्हाळा म्हणायच्या. पानावर दिवस आणि महिना आहे, वर्ष नाही. पण मार्क टू पूर्ण झालं १९४७ मध्ये, १९४५ ला ते अशा टेस्ट चालवायच्या अवस्थेतच नव्हतं. शिवाय ९ सप्टेंबर १९४५ ला रविवार होता आणि ९ सप्टेंबर १९४७ ला मंगळवार. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच असं ठोक ऑफिसच्या वेळेतलं पान मंगळवारचं वाटतं की रविवारचं, तुम्हीच बघा.

ती ओळ नीट वाचा

सगळी केस एका शब्दावर उभी आहे, ‘ॲक्च्युअल’. पहिली *खरीखुरी* केस. जर मशिनच्या बिघाडाला बग म्हणायची पद्धतच नसती तर तो ऑपरेटर नुसतं ‘रिलेत किडा सापडला’ असं लिहून मोकळा झाला असता. त्याने खरीखुरी असं लिहिलं कारण रोज ते ज्याला बग म्हणायचे ते कधीच खरं नसायचं, ते म्हणजे सैल वायर, खराब कॉन्टॅक्ट, टेपमधली चूक. आज पहिल्यांदा बग म्हणून शोधायला गेलो आणि खरोखर किडाच निघाला, यात गंमत आहे, आणि ती गंमत वाचणाऱ्याला कळायला शब्द आधीपासून त्याच्या तोंडात असायला लागतो. म्हणून मी म्हणतो की हे पान शब्दाचा जन्मदाखला नव्हे, शब्द तोवर चांगला रुळलेला होता याचा पुरावा आहे. फोटो स्लाइडवर जरूर ठेवा, खालचं वाक्य तेवढं बदला.

आणि किड्यांचा अभ्यास करणाऱ्यांना विचाराल तर पतंग हा बगच नाही. त्यांच्या शास्त्रात ट्रू बग म्हणजे हेमिप्टेरा गटातले, ढेकूण, पाण्यावर पळणारे पाणकिडे, मावा, असे चोचीसारख्या सोंडेने रस शोषणारे. पतंग फुलपाखरांच्या गटातला. अमेरिकेत मात्र बोलताना कुठलाही किडा बग, अगदी लेडीबगसुद्धा, जो खरं तर भुंगेऱ्यांच्या जातीचा आणि ज्याला इंग्लंडमध्ये लेडीबर्ड म्हणतात.

एडिसनने हीच गंमत आधी केली होती

मागे गेलं की माणूस भेटतो थॉमस एडिसन. नोव्हेंबर १८७८ मध्ये आपला सहकारी थिओडोर पुश्काश याला लिहिलेल्या पत्रात तो आपल्या शोधांची पद्धत सांगतो, आधी एकदम काहीतरी सुचतं, मग अडचणी सुरू होतात, हे बंद पडतं, ते बंद पडतं, आणि मग ‘बग्ज’, म्हणजे अशा बारीकसारीक दोषांना आणि अडचणींना जे म्हणतात ते, डोकं वर काढतात, आणि मग महिनोन्महिने डोळ्यात तेल घालून बघत बसावं लागतं. ‘म्हणतात’ हा शब्द बघा. मी म्हणतो असं नाही लिहिलं त्याने. त्याच्या वर्तुळात ते तेव्हाच चालत होतं.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये वेस्टर्न युनियन या तार कंपनीचे अध्यक्ष विल्यम ऑर्टन यांना त्याने आणखी एक पत्र लिहिलंय आणि ते वाचून मी चाट पडलो. त्यात तो सांगतो की तुमचं अर्धं बरोबर होतं, माझ्या यंत्रात मला बग सापडला, पण तो मूळ टेलिफोनमध्ये नव्हता, तो ‘कॉलबेलम’ या प्रजातीचा होता, आणि हा कीटक सगळ्या टेलिफोनच्या घंटीच्या यंत्रात आपल्याला राहण्याजोगं वातावरण शोधून घेतो असं दिसतं. कॉल बेल, घंटी, तिचं त्याने थेट लॅटिन छापाचं शास्त्रीय नाव केलं. म्हणजे मार्क टूच्या ऑपरेटरने केली तीच गंमत, बिघाडाला खराखुरा किडा मानायची, एडिसनने ६९ वर्षं आधी करून ठेवली होती.

१८८९ मध्ये लंडनच्या पल मल गॅझेटने बातमी दिली की मिस्टर एडिसन आपल्या फोनोग्राफमधला एक ‘बग’ शोधण्यासाठी दोन रात्री जागे होते, आणि लगेच वाचकांसाठी खुलासा केला की या म्हणण्यात असं गृहीत आहे की कुणी काल्पनिक कीटक आत लपून बसलाय आणि सगळा त्रास तोच देतोय. इंग्लंडच्या वाचकाला हा अर्थ समजावून सांगावा लागत होता, म्हणजे तिकडे तो नवीन होता. १८९६ च्या हॉकिन्सच्या विजेवरच्या प्रश्नोत्तरी पुस्तकात तर सरळ व्याख्याच आहे, विजेच्या यंत्राच्या जोडणीतला किंवा चालण्यातला कुठलाही दोष म्हणजे बग, आणि हा शब्द क्वाड्रुप्लेक्स तारयंत्रापासून सुरू झाला असं म्हणतात.

ही क्वाड्रुप्लेक्सची गोष्ट मला सगळ्यात पटण्यासारखी वाटते. एडिसनचं १८७४ चं हे तंत्र, एकाच तारेवरून एका वेळी चार संदेश, दोन इकडून तिकडे आणि दोन तिकडून इकडे. तार कंपन्यांचे पैसे वाचले पण तार ऑपरेटरच्या डोक्याला ताप, कारण चार प्रवाह एकमेकांत मिसळायचे, मधेच खोटा खटका यायचा, बघायला गेलं की गायब. आज ज्याला आपण ‘माझ्या मशिनवर तर चालतंय’ टाइपचा बग म्हणतो ना, अगदी तो. दिसत नाही, आत कुठेतरी आहे, मधूनच चावतो. अशा दोषाला लपलेल्या किड्याचं नाव पडावं यात काही आश्चर्य नाही.

पुढची कडी झटपट सांगतो. १९३४ च्या वेबस्टरच्या मोठ्या डिक्शनरीत यंत्रातला दोष हा बगचा अर्थ छापून आलेला आहे. आणि ‘डीबगिंग’, जो शब्द तर हमखास पतंगाच्याच नावावर खपवतात, तो १९४५ मध्ये इंग्लंडच्या रॉयल एरोनॉटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये विमानाच्या इंजिनाबद्दल वापरलेला सापडतो. विमानाचं इंजिन, कॉम्प्युटर नाही, आणि पतंगाच्या दोन वर्षं आधी. हॉपर आणि त्यांच्या मंडळींचं श्रेय यात कमी होत नाही, कॉम्प्युटरच्या जगात हे शब्द घरोघरी पोचवले ते त्यांनीच. पण पोचवणं वेगळं आणि जन्म देणं वेगळं.

त्याच्याही मागे गेलं की किडा गायब होतो

आता खरी मजा. इथपर्यंत बग म्हणजे किडा आणि त्यावरून दोष, एवढी साधी साखळी आहे. पण इंग्रजीतले जुने कागद उघडले की सोळाव्या शतकात आणि त्याआधी बग म्हणजे किडा नाहीच. बग म्हणजे भूत.

चौदाव्या शतकाच्या शेवटी इंग्रज धर्मसुधारक जॉन विक्लिफच्या मंडळींनी बायबलचं इंग्रजी केलं, त्यात बारूकच्या पुस्तकात मूर्तींची टर उडवताना म्हटलंय की काकडीच्या मळ्यातला ‘बगे’ जसा काहीच राखत नाही तशा या मूर्ती. मळ्यात उभा केलेला चिंध्यांचा माणूस, म्हणजे आपलं बुजगावणं. १५३५ मध्ये माइल्स कव्हरडेलच्या बायबलमध्ये ९१ व्या स्तोत्रात ओळ आहे की रात्रीच्या ‘बग्ज’ना तुला घाबरायचं कारण नाही. यावरून त्या आवृत्तीला पुढे बग बायबल असंच नाव पडलं. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये त्याच जागी ‘टेरर’ आलंय, रात्रीचं भय. आणि शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्ये ‘बग्ज अँड गॉब्लिन्स’ असे दोन शब्द जोडीने येतात, भुतंखेतं म्हणावं तसे. आज इंग्रजीत उरलेले बगबेअर आणि बगाबू हे शब्द त्याच कुळातले, उगीच घाबरवणारी गोष्ट.

हा भुताचा बग आला कुठून? एक मत वेल्श भाषेतल्या ‘बूग’कडे बोट दाखवतं, त्याचाही अर्थ भूत. पण वेल्शनेच तो इंग्रजीतून घेतला असेल असंही म्हणणारे आहेत. स्कॉट लोकांकडे बोगल आहे, जर्मनच्या बोलींमध्ये बोग्गेलमान आहे, इंग्रजीत बोगी आहे, रशियनमध्ये मुलांना घाबरवायला बूका आहे. सगळीकडे ओठ मिटून ब आणि मग घशातून ग किंवा क. पोरांना घाबरवायचा आवाज माणसं ठिकठिकाणी आपापला तयार करत असतील हीसुद्धा शक्यता आहे.

आणि इथे मराठी माणसाला लगेच आठवणार बागुलबुवा! अर्थ तोच, आवाज जवळपास तोच, मोह होतोच की जोडून टाकावं. पण हीच ती जागा जिथे पतंगाच्या गोष्टीसारख्या गोष्टी जन्माला येतात. इंग्रजी आणि संस्कृत लांबच्या नात्यातल्या भाषा आहेत हे खरं, पण त्या नात्याचे नियम ठरलेले आहेत. वारशाने आलेल्या शब्दांत इंग्रजीत जिथे ब असतो तिथे संस्कृतात भ असतो. ब्रदर आणि भ्राता, त्याचाच आपला भाऊ. वाहणे या अर्थाचं बेअर आणि आपला भार. म्हणजे बग जर त्या जुन्या वारशातला असता तर आपल्याकडे त्याचा जोडीदार भ ने सुरू व्हायला हवा होता. बागुलबुवाचा ब साधा आहे. नुसतं कानाला सारखं लागलं म्हणून शब्द भाऊबंद होत नाहीत, तारखा लागतात, मधल्या पायऱ्या लागतात, नियम लागतात. अर्थाचं साम्य आहे, तेवढं घेऊन आनंद मानावा.

भुताचा किडा कसा झाला

किडा या अर्थाने बग कागदावर येतो तो १६२० च्या दशकात. आणि त्याच सुमाराला भुताचा अर्थ मागे पडत जातो. एकाच शब्दाचे दोन अर्थ, एक आत येतो आणि एक बाहेर जातो, पण त्यांची दारात भेट झाली का, हाच या प्रकरणातला न सुटलेला भाग आहे.

एक स्पष्टीकरण म्हणजे ढेकूण. इंग्लंडमध्ये पुढे बराच काळ बग म्हटलं की मुख्यतः ढेकूणच, आणि तो करतो काय, रात्री अंधारात येतो, चावतो, दिवा लावला की पसार. रात्रीचं भय हे नाव त्याला चिकटायला किती वेळ लागणार! आपल्याकडे चाळीत ज्यांनी ढेकणांच्या रात्री काढल्यात, खाटा उन्हात टाकल्यात, फटीत रॉकेल ओतलंय, त्यांना हे वेगळं पटवून द्यायला नको. दुसरं स्पष्टीकरण अगदी वेगळं आहे, जुन्या इंग्रजीत शेणकिड्याला ‘शार्नबुड्डा’ असा शब्द होता, शेणातला बुड्डा, त्या बुड्डाचा उच्चार बदलत जाऊन बग झाला असेल, आणि भुताच्या बगने त्याला तसं वळायला मदत केली असेल. मला स्वतःला ढेकणाची वाट जास्त जिवंत वाटते, पण वाटणं हा पुरावा नव्हे. ड्ड चा ग्ग झालेला मधला टप्पा कुणी दाखवला तर मी शेणकिड्याच्या बाजूला जाईन.

किड्याला मात्र एकदा घर मिळाल्यावर त्याने काय वंश वाढवलाय. अमेरिकेत मोठा असामी तो बिग बग. पोटात बिघडलं तर स्टमक बग, म्हणजे जंतू. एखाद्या गोष्टीचं वेड लागलं तर तिचा बग चावला. १९४० च्या दशकात त्रास देणे, डोकं खाणे या अर्थाचं क्रियापद. फोक्सवॅगनची ती गोल गाडी. तार ऑपरेटरांची अर्धी आपोआप चालणारी चावी, तिलाही बगच म्हणायचे. आणि चोरून ऐकायचं यंत्र.

या शेवटच्यावर थोडं थांबावंसं वाटतं, कारण लपलेल्या किड्याची कल्पना तिथे सगळ्यात नेमकी बसते. १९४५ मध्ये मॉस्कोत सोव्हिएत मुलांनी अमेरिकेचे राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांना लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट दिली. ती राजदूतांच्या निवासात भिंतीवर लागली. आत सोव्हिएत संशोधक लेव्ह थेरेमिन यांनी बनवलेला माइक होता, ना बॅटरी, ना वायर, बाहेरून रेडिओ लहरी सोडल्या की तेवढ्यापुरता जागा होणारा. १९५२ पर्यंत तो कुणाला सापडला नाही. क्वाड्रुप्लेक्सच्या खटक्यासारखाच, शोधायला गेलं की काहीच नाही.

मराठीत या सगळ्या गोतावळ्यातून जवळपास एकच अर्थ आला. ढेकणाला आपण बग म्हणत नाही, भुताला तर नाहीच. पण हिंजवडीतली टेस्टर मुलगी सहज म्हणते की लॉगिनमध्ये बग आलाय, मी रेज केलाय, तो फिक्स करून पाठवला तरी रीओपन झाला. पुल्लिंगी झाला, प्रत्यय लागले, बगचं, बगमुळे, बगांची यादी. १९९० च्या दशकाच्या शेवटी वायटूकेच्या कामावर मराठी मुलं मुंबई-पुण्यात आणि अमेरिकेत रात्र रात्र बसली, वर्षाचे दोनच आकडे साठवणाऱ्या जुन्या प्रोग्राममधली ती चूक वर्तमानपत्रांनी मिलेनियम बग म्हणून घराघरात नेली, आणि कॉम्प्युटर न बघितलेल्या आजी-आजोबांनाही शब्द माहीत झाला. किडा ही पायरी गाळून, थेट दोष म्हणून.

डिक्शनऱ्या आजही बगपुढे उत्पत्ती अनिश्चित असंच लिहितात, आणि ते बरोबर आहे. हे मिटवायचं असेल तर १६२० च्या आधीचा एखादा कागद लागेल, घरखर्चाची वही, औषधाचा नुस्खा, प्रवाशाचं पत्र, काहीही, ज्यात अंथरुणातल्या किड्याला कुणी ‘बग’ म्हटलंय आणि ते का म्हटलंय हे ओळीतून कळतंय. रात्रीचं भय म्हणून की शेणकिड्याचा भाऊबंद म्हणून. तसा कागद एखाद्या इंग्रजी परगण्याच्या दप्तरात निघाला तर एडिसनच्या कॉलबेलमची वंशावळ एकदम अडीचशेहून जास्त वर्षांनी मागे लिहिता येईल.